ऐश आणि पाने

आमच्या गावात विलायत पाहून आलेला माणूस एकच होता, आणि तो माझा नवरा होता.

विट्याहून आटपाडीकडे जाताना माळामाळानं एक वाट फुटते, तिच्यावर आमचं गाव. पलटणीत गेलेली माणसं गावात आणखीही होती. पण कुणी ब्रह्मदेशाकडेच राहिले, कुणी पुण्याच्या पलीकडे गेलेच नाहीत. आमचे मालक मात्र लांगरी, म्हणजे पलटणीतले स्वयंपाकी म्हणून भरती झाले आणि आधी मिसर देशातल्या अलेक्झांड्रियाला गेले. तिथून जहाजानं इटलीत. लढाई संपली तेव्हा परत आले.

ते गेले तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. सासरे आधीच वारले होते. घरात सासूबाई आणि मी. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पत्रं मीच वाचून दाखवायची. पण त्यात असायचं काय? आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवणे. कुठं आहोत ते लिहायला बंदी. सासूबाई विचारायच्या, "कुटं हाय म्हणतोय?" मी म्हणायची, "लांब."

लढाईच्या मधल्या सालांत आमच्याकडे पाऊस फिरकला नाही. दोन वर्षं बाजरी हाताला लागली नाही. त्यातच मालकांची पलटण एका मुलखातून दुसऱ्या मुलखात हलली आणि घरी येणारी मनिऑर्डर थांबली. कुणाची चूक होती देव जाणे. सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. त्यांना उठवायला, बसवायला माणूस लागायचं, म्हणून दुष्काळी कामावर खडी फोडायला लांब जाणंही मला जमेना. बांधावरची तांदुळजाची भाजी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, असं करत होतं ते सगळं संपलं.

तेव्हा मी पाटलांच्या घरी जाऊ लागले.

पहिल्यांदा गेले ती ताक मागायला. आमच्याकडे ताक मागण्यात कमीपणा नसतो. ज्याच्या घरी दुभतं, त्यानं ताक विकू नये अशी रीतच आहे. मी तांब्या घेऊन परड्याच्या, म्हणजे मागच्या दारानं गेले. पाटलीणबाईंनी ताक घातलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी ताकाबरोबर शिळ्या भाकरीचे तुकडे हातावर ठेवले. मग त्यांच्या म्हशीही आटल्या. ताक राहिलं नाही, तरी मी गेलेच. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तांब्यात भाकरी कशी घालू ग बाई? उद्या पातेलं आण."

त्यांनी मायेनंच सांगितलं होतं. पण मला घरी जाईपर्यंत रस्ता दिसला नाही. तांब्या घेऊन गेलं तर ताक, आणि पातेलं घेऊन गेलं तर भीक. हे आमच्या गावात पोरालाही कळतं.

मी पातेलं नेऊ लागले. परड्यात गडीमाणसं जेवायची. त्यांचं झाल्यावर उरेल ते मला मिळायचं, म्हणून भिंतीला टेकून उभं राहायचं. पाटलांचे धाकटे भाऊ हात धुवायला बाहेर यायचे आणि म्हणायचे, "आली का लष्करीण?" गडी हसायचे. मी खाली बघायची. असं एक उन्हाळाभर चाललं. पुढं मनिऑर्डर सुरू झाली, पाऊसही पडला. सासूबाई त्या पावसाळ्यातच गेल्या. जाण्याआधी त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "माझ्या ल्याकाला ह्यातलं कायबी सांगू नगंस. लांब हाय. जीव जाळून घेईल."

मी नाही सांगितलं. पत्रात लिहिलं, सासूबाई शांतपणे गेल्या, बाकी खुशाल.

मालक आले तेव्हा त्यांच्या अंगावर लोकरीचा कोट होता आणि बोलण्यात हिंदी फार होतं. पहिले चार दिवस ते आईच्या आठवणीनं गप्प होते. मग चावडीपुढच्या पारावर संध्याकाळची माणसं जमू लागली आणि त्यांना बोलावणी येऊ लागली. बाया देवळाच्या पायरीवर बसून ऐकत. मीही जाऊन बसले. नवरा इतकी वर्षं कुठं होता ते मलाही तिथंच कळणार होतं.

पाटलांनी विचारलं, "आफ्रिका म्हंजे समदं जंगलच आसंल न्हवं?"

"कसलं जंगल घेऊन बसलाय, पाटील! शहर हाय शहर. एका अंगाला निळा समिंदर, आन् त्येच्या काठानं धनुष्यावाणी वळत गेल्याला रस्ता. पाच-पाच मजली घरं. ट्राम पळत्यात. कॉफीच्या दुकानात भिंतीएवढं आरसं."

"लढाईत दिवं तर बंदच आसतील?"

"निळा रंग मारल्याला दिव्यास्नी, इमानांच्या भ्यानं. तरीबी त्या निळ्या उजेडात बायाबापड्या फिरायला जायच्या. आन् भाकरीचा वास तर काय सांगू! आपल्यावानीच गोल, टम्म फुगल्याली. तिला ते लोक 'ऐश' म्हणत्यात."

"भाकरीला ऐश?" पाटलांचे धाकटे भाऊ म्हणाले. "मग आमी जन्मभर ऐशच करतोय की रं!"

सगळे हसले. पण शहर कुणाला पटलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "हबशाच्या मुलखात ट्राम? गड्या, थापा मार, पर बेतानं." मालक शपथा घेऊ लागले. मला त्यांची दया आली आणि लाजही वाटली. खरं सांगणारा माणूस चारचौघांत शपथा घेऊ लागला की तो खोटाच दिसतो.

"बरं ते ऱ्हाऊ दे. इलायतीचं सांग. इटलीचं."

मालक म्हणाले, "आफ्रिकेतलं ते शहर म्हंजे खरी इलायत. आन् इटली म्हंजे आपला माणदेश. तसलंच डोंगार, तसलीच दगडाची घरं. पोरं अनवाणी. बाया डुईवर भारं वाहत्यात. म्हातारी माणसं रानातल्या फळांचं पीठ करून खायाची. फकस्त थंडी जास्ती."

गोऱ्या माणसाच्या देशात पोरं अनवाणी, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग शपथेऐवजी पुरावा म्हणून त्यांनी ती बाई काढली.

"आवं, माज्या भटारखान्यापुढं एक बाई रोज हुबी ऱ्हायाची. गोरीपान. हातात पातेलं. आन् म्हणायची, 'पाने, पाने.' मला वाटलं हिला इडा खायाचा हाय! मागनं कळलं, त्यांच्यात भाकरीला 'पाने' म्हणत्यात."

हसण्यानं पार हादरला. "गोरी बाई? आपल्या गड्यापुढं? पातेलं घिऊन?" पाटील मांडीवर थाप मारत म्हणाले. "परत सांग, परत सांग." ते दिवसच तसे होते. बेचाळीसपासून त्या भागानं पोलिसांचा मार खाल्ला होता. पारावर बसलेल्यांतले दोघे तुरुंगात जाऊन आले होते. गोऱ्या कातडीचं कुणीतरी कुठंतरी हात पसरतंय, हे ऐकून त्यांचा जीव थंड झाला असेल तर मी त्यांना दोष देत नाही. मालक उठले. धोतराचा सोगा डोक्यावर घेतला, दोन्ही हातांत पातेलं धरल्यासारखं केलं, मान वाकडी केली आणि "पाने, पाने" म्हणत पारावरून चालून दाखवलं.

माझ्या शेजारी बसलेल्या बाया हसल्या नाहीत. एकीनंही माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच मला कळलं, की प्रत्येकीला माझं ते पातेलं आठवतंय.

पुढचे दोन महिने गावात हेच चाललं. अलेक्झांड्रियाचं नाव कुणी काढेना. ट्राम, आरसे, समुद्र, कुणालाच नको होते. त्यांना बाई हवी होती. मालकही तिला रोज थोडी वाढवत गेले. आधी ती नुसती काळ्या झग्यातली बाई होती. मग ती मास्तरीण झाली. मग सोनेरी केसांची झाली, मग पाया पडू लागली. विट्याच्या बाजारात गेले तर हॉटेलवाला चहा पाजून ऐकायचा. घरी आले की खुशीत असायचे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पलटणीला रांधून वाढलेला माणूस, त्याला पहिल्यांदा कुणीतरी मान देत होतं. मी जेवायला वाढायची आणि गप्प बसायची. गप्प बसण्याचीही मला लाज वाटू लागली.

मग पाटलांकडे साताऱ्याहून पाहुणे आले. सरकारी कचेरीतले कुणी होते. सोप्यात बैठक टाकली आणि मालकांना सांगावा आला. पाटलीणबाईंना चहाच्या कामाला हाताखाली बाई हवी होती, म्हणून मलाही बोलावलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. बाहेर मालक पाहुण्यांना चालून दाखवत होते. पाहुणे पोट धरून हसले. मग पाटलांच्या धाकट्या भावांचा आवाज आला, "गोरी आसू द्या न्हाईतर काळी. पातेलं घिऊन हुबी ऱ्हायली की बाई सारकीच दिसती."

यावरचं हसणं वेगळं होतं. गावातल्या माणसांचं हसणं जरा जास्त लांबलं आणि एकदम थांबलं. पाटील खाकरले. मालकांना काही कळलं नाही. आपली गोष्ट रंगली असं समजून तेही हसले.

पाटलीणबाई बशा पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्याला ठावं न्हाई?"

मी मान हलवली.

"मग सांगू नगंस. न्हाईतर सांगून मोकळी हो. ह्ये मधलं लय वंगाळ."

दोनतीन दिवसांनी आम्ही दोघं रानात मटकी उपटत होतो. सकाळची वेळ, मालक खुशीत होते. त्या पाहुण्यांनी साताऱ्याला बोलावलंय म्हणून सांगत होते. मी विचारलं, "आवं, ती बाई पातेलं कुटल्या हातात धरायची?"

"म्हंजे?"

"तुमी दोनी हातांनी पुढं धरून दावताय. तसं कुणी धरत न्हाई. डाव्या हातात धरायचं, पदराखाली. उजवा हात मोकळा ठिवायचा. लांबनं बघणाऱ्याला वाटलं पायजे की बाई काय तरी इचारायला आलीया."

ते हसत माझ्याकडे वळले आणि तसेच राहिले. हातातली मटकीची जुडी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तुला काय ठावं?"

मी वाकून पुढचा वेल उपटला.

"कवा?"

"मनिऑर्डर बंद व्हती तवा. सासूबाई अंथरुणाला व्हत्या."

"कुणाच्या दारात?"

"पाटलाच्या. परड्याच्या दारात."

ते बांधावर जाऊन बसले. मी उपटत राहिले. मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

"मी तिचं समदं खरं सांगितलं न्हाई. साहेबाचा हुकूम व्हता. उरल्यालं अन्न खड्ड्यात टाकायचं आन् वर राकेल वतायचं. रोगराई हुती म्हणून. रोज मी साहेबाच्या चोरून तिला द्यायचा. येक दिवस साहेब हुबाच ऱ्हायला."

"मग?"

"मग काय? वतलं खड्ड्यात. वर राकेल वतलं. ती खड्ड्याच्या कडंला मटकन बसली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

"मागनं आली?"

"आली की. दुसऱ्या दिशी, त्याच येळंला." मग म्हणाले, "तितं मला कवा हसू आलं न्हवतं. ह्ये हसणं हितं आल्यावर शिकलो."

त्या दिवसापासून ते पारावर गेले नाहीत. साताऱ्यालाही गेले नाहीत. मला वाटलं, संपलं. पण गोष्ट आता त्यांच्या हातात राहिली नव्हती. पोरांनी ती उचलली होती. मालक गल्लीतून निघाले की पोरं अंगरख्याची टोकं पुढं धरून ओरडायची, "पाने, पाने!" मोठी माणसंही त्यांना त्याच नावानं हाक मारू लागली. ज्या नावानं त्यांनी गावाला हसवलं, तेच गावानं त्यांना चिकटवलं. ते मान खाली घालून पुढं जायचे. रस्त्यानं मान खाली घालून जाणं मला नवीन नव्हतं. पण ते त्यांच्या वाट्याला आलेलं बघवत नव्हतं. आणि ते माझ्यामुळं आलं होतं. मी रानात तोंड उघडलं नसतं, तर बिचारा माणूस आणखी चार महिने मानानं चहा प्याला असता.

एका संध्याकाळी चावडीपुढं पाटलांच्या धाकट्या भावांनी त्यांना अडवलं. हे मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायांकडून कळलं. भाऊ म्हणाले, "का रं, आता सांगत का न्हाईस? खरी पाने-पाने तर तुझ्याच घरात हाय म्हणून व्हय?"

सगळ्यांना वाटलं, आता मारामारी होणार. पण मालक उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय. माझ्याच घरात हाय. मी पलटणीला जेवू घालत व्हतो तवा माझी बायको तुमच्या परड्यात हुबी व्हती. तुमच्या भावजयीनं माझी आई जगवली. तुमी काय केलं ते तुमी सांगा."

भाऊ निघून गेले म्हणे. एक बाई मला म्हणाली, "नवरा असावा तर आसा." दुसरीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी घागर भरली आणि घरी आले. खोटं कशाला सांगू? त्यांनी भर चावडीत माझी बाजू घेतली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर गावाला ते ठाऊक होतं, पण कुणी बोललेलं नव्हतं. आता ते चावडीवर बोललं गेलं. मालक घरी येऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. शाबासकी नव्हे, पण एखादा शब्द तरी त्यांना हवा असणार. मला तो देता आला नाही. मी म्हटलं, "सांगलीला जाऊ या का?"

ते लगेच हो म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी मी पाटलीणबाईंचा निरोप घ्यायला गेले. पुढच्या दारानं. त्या घराचं पुढचं दार मी तोवर ओलांडलं नव्हतं. त्यांनी पाट मांडला, कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. खण होता, नारळ होता आणि जोंधळे होते. दोन्ही ओंजळींनी त्यांनी जोंधळे माझ्या पदरात टाकले. सवाष्णीच्या ओटीत धान्य घालतात तो मान असतो, हे मला कळत होतं. तरी माझी मान वर होईना. त्यांचे आभार मानायचे होते, पण मानले असते तर कशाचे ते सांगावं लागलं असतं. मी पाया पडले आणि आले. पुढं काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. ते राहिलं ते राहिलंच.

सांगलीला हळदीच्या पेठेजवळ एका खाणावळीत मालकांना स्वयंपाकाचं काम मिळालं. मी पोळ्या लाटायला. कॉलेजची मुलं, पेठेतले कारकून, एकदोन शिक्षक जेवायला असायचे. तिथं आम्हाला कुणीच ओळखत नव्हतं आणि पहिलं वर्ष त्या सुखातच गेलं. पुढं मालकांच्या लोकरी कोटावरून एका शिक्षकांनी त्यांच्या पलटणीचं काढून घेतलं. हरखून म्हणाले, "तुम्ही इटलीत होता? अहो, केवढी भाग्याची गोष्ट! तिथली देवळं, तिथले पुतळे! कशी आहे इटली?"

मालक आमटी वाढत होते. म्हणाले, "थंडी लय."

"आणि आफ्रिकेत कुठं होता?"

तेव्हा मात्र ते पळी हातात घेऊन उभे राहिले आणि अलेक्झांड्रियाचा समुद्र, वळणावळणाचा रस्ता, कॉफीची दुकानं, सगळं सांगत सुटले. शिक्षकांना त्यात गोडी नव्हती. ते मान डोलावत भात कालवू लागले. मी आतून पोळ्या देताना ऐकत होते. मालकांच्या आवाजात ट्रामचा नाद येत होता. पारावर शपथा घेताना येत होता तसाच.

दुपारी खाणावळ रिकामी झाल्यावर मी विचारलं, "तुमाला त्यातलं खरं कुटलं आवडलं? ते शहर का ती इटली?"

त्यांनी परात राखेनं घासायला घेतली. मग म्हणाले, "शहर. तितं मी कुणाला लागतच न्हवतो बघ. समद्यांच्या घरात चुली पेटल्याल्या. कुणी माझ्या हाताकडं बघत न्हवतं. आपलं फिरायचं, बघायचं आन् परत यायचं."

"आन् इटली?"

"इटलीत समदी वळखायची मला. लांबनं दिसलो तरी उठून हुबी ऱ्हायची." त्यांनी परातीवर पाणी ओतलं. "तवा लय बरं वाटायचं. ते बरं वाटायचं ना, त्येचीच लाज वाटती आता."

मी त्यांना म्हणू शकले असते, की मला तुमची लाज वाटत नाही. पण माझ्यापुढं पाटलीणबाईंचा चेहरा उभा राहिला आणि मनात आलं, त्यांनाही तेव्हा बरं वाटत असेल का? तो विचार मनात आला म्हणून मला पुन्हा लाज वाटली. मी उठून उद्याचे तांदूळ निवडायला घेतले.